तळ्यातल्या बारा फेऱ्या

दूध संघाच्या बाईंचं पत्र येऊन साडेतीन महिने झाले होते, आणि मोजणीदाराने त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं.

मोजणी खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. नोकरीत होता तोवर आलेल्या कागदाला त्याच दिवशी उत्तर जायचं. आता घरात एकच कागद आला होता आणि तो पुस्तकांच्या ट्रंकेत, सगळ्यात जाड पुस्तकात, दाबून ठेवलेला होता. दुपारी घर झोपलं की मोजणीदार तो काढायचा, चष्मा पुसून वाचायचा आणि उत्तराचा मसुदा करायला बसायचा. आतापर्यंत एकोणीस मसुदे झाले होते. सगळे दुसऱ्या ओळीवर अडायचे.

पत्र आलं ते सुनेपायी. थंडीत एका सकाळी दुधाची गाडी वेळेआधीच सुटली. सून सात लिटरची किटली घेऊन गाडीमागे धावली, ती थेट पुढच्या थांब्यापर्यंत. दोन किलोमीटर. गाडीत ड्रायव्हरशेजारी संघाच्या धावपटू बायकांना शिकवणाऱ्या बाई बसल्या होत्या. आरशात बघत राहिल्या. थांब्यावर उतरून त्यांनी आधी किटलीचं झाकण उघडलं, किती दूध सांडलंय ते पाहिलं आणि मग घरचा पत्ता विचारला. दूध जेमतेम पेलाभर सांडलं होतं.

आठ दिवसांनी पत्र आलं, घरातल्या मोठ्या माणसाच्या नावे. उन्हाळ्याच्या शेवटी दहा मैलांची शर्यत होती आणि संघाच्या चमूत एक जागा रिकामी होती. चमूतल्या बायकांना संघाच्या शीतकरण केंद्रात कायमचं काम आणि दोन्ही वेळ सराव. पण बाईंची एक कसोटी होती. चारशे मीटरच्या बारा फेऱ्या, मध्ये न थांबता. एक फेरी पंच्याऐंशी सेकंदांत, लगेच पुढची शंभर सेकंदांत, परत पंच्याऐंशी, परत शंभर. ‘जमलं तर तसं कळवा. तुम्ही मोजमापातले आहात असं ऐकते, तेव्हा तुमच्या शब्दावर मी जागा देईन. नाही जमलं तरी कळवा.’

त्या शेवटच्या ओळीने मोजणीदाराचा घास घेतला होता. सुनेला ते जमत नव्हतं. अगदी थोडक्यासाठी जमत नव्हतं. जमलं असं लिहिणं त्याच्याने होणार नव्हतं आणि नाही जमलं असं लिहायला हात उचलत नव्हता.

*

यंदा पाऊस दगा देऊन गेला होता. गावाबाहेरचं तळं मकरसंक्रमणाआधीच आटलं आणि तळ उघडा पडला. भेगाळलेला, पण सपाट आणि टणक. सगळ्या गावाने कपाळाला हात लावला. मोजणीदाराने मात्र माळ्यावरून आपली जुनी साखळी काढली. खात्याने लिलाव केला तेव्हा त्याने ती हौसेने घेतली होती. तीस मीटरची, पितळी मुठींची. तेरा साखळ्या आणि वर दहा मीटर, अशी लांबट फेरी त्याने तळ्याच्या तळाशी आखली आणि खुंट्या ठोकल्या. मदतीला सूनच होती. तेव्हापासून एक दिवसाआड, गाई पिळून झाल्या की दोघं तळ्यात उतरायचे.

सून नवऱ्याचा जुना सदरा आणि पायजमा घालून पळायची. बूटही नवऱ्याचेच, पुढे चिंध्या कोंबलेले. पिळून पिळून बोटं आखडलेली असायची, ती पळताना मुठीत झाकून घ्यायची. टाचांच्या भेगांत चिखलाची पूड बसायची. मोजणीदार खुंटीशी उभा राहून मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघायचा आणि आकडा ओरडायचा. ओरडायचा म्हणजे काय, त्याचा आवाजच तेवढा. सूनच जवळ आली की कान द्यायची.

वेगाच्या फेरीचं कोडं कुणालाही कळतं. खरी मेख पुढच्या फेरीत होती. छाती भात्यासारखी हलतेय, मांड्या पेटल्यात, आणि आता थांबावं असं अंगातली हाडन् हाड सांगतंय. तेव्हा थांबायचं नाही, चालायचंही नाही, नुसतं थोडं कमी पळायचं. त्या थोड्यातच दम परत गोळा करायचा, आणि गोळा होतोय न होतोय तोच परत सुटायचं. पहिल्या महिन्यात ती चौथ्या फेरीत बसकण मारायची. दुसऱ्या महिन्यात आठव्या फेरीला उलटी व्हायची. आता बारा पुऱ्या व्हायच्या. पण वेगाची फेरी सत्त्याऐंशीच्या आत येत नव्हती आणि हळू फेरी एकशे दोनच्या आत येत नव्हती.

“किती?” ती गुडघ्यांवर हात टेकून विचारायची.

“सत्त्याऐंशी.”

“म्हणजे दोनच राहिले, मामंजी.”

“दोनच,” तो म्हणायचा. पण ते दोन गेले महिनाभर दोनच होते. आपलंच काहीतरी चुकतंय, असं त्याला वाटायचं. आपण पुस्तकातला किडा. आयुष्यात कधी बस पकडायलासुद्धा धावलो नाही. पोरीला शिकवायला नीट माणूस मिळाला असता तर कधीच जमलं असतं.

गावातला न्हावी सायकलवरून बांधावरून जायचा. एक पाय टेकून उभा राहायचा आणि विचारायचा की मोजणीदार, घाण्याला जुंपली काय सून, तेल किती निघालं? मोजणीदार मान खाली घालायचा. सून पळता पळता म्हणायची, “तुमच्या डोक्याला पुरेल एवढं निघालंय, दादा.” न्हाव्याचं डोकं तुळतुळीत होतं. तो हसत पायडल मारायचा.

*

गावाने ठरवलं, तळं आटलंच आहे तर त्यातला गाळ उपसायचा. गाळ शेतात जाईल आणि तळं खोल होईल. कंत्राट दिलं गेलं, मुकादम आला. ट्रॅक्टर ठरला तो मोजणीदाराच्या मुलाचा.

मुलाने ही बातमी गोठ्याच्या दारात सांगितली. सून कडबा तोडत होती. कडबाही निम्म्यावर आला होता. कोयता जपून चालवत होती.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“शनिवारपासून. मधल्या भागातून सुरुवात आहे.”

मधला भाग म्हणजे तिची फेरी. कोयता क्षणभर थांबला आणि परत चालू झाला. मुलगा उंबऱ्यावर टेकला. आपण नाही म्हटलं तर दुसऱ्याचा ट्रॅक्टर येईल, असं तो हळूच म्हणाला. यंदा नांगरट नाही, ट्रॅक्टर चार महिने उभा आहे, हे ती जाणत होती. ती म्हणाली की मी कुठे काही म्हटलं.

“म्हणत नाहीस तेच तर.”

“मग काय म्हणू? माझा नवरा माझी वाट खणायला निघालाय म्हणून गात बसू?”

मोजणीदार ओसरीवर पुस्तक उघडून बसला होता. पान उलटलं नव्हतं. बाईंच्या पत्रातली नावं देण्याची मुदत पुढच्या आठवड्यात संपत होती. त्याच्या बायकोने आतून चहा आणून ठेवला आणि म्हणाली, “अहो, त्या बाईला काय ते एकदा लिहून टाका. पोरगी जीव तोडून पळतेय आणि तुम्ही पत्र उबवत बसलाय. अंडं असतं तर एव्हाना पिल्लू निघालं असतं.”

विसावा मसुदा त्याच संध्याकाळी झाला. ‘कळविण्यास खेद वाटतो की’ इथपर्यंत गेला आणि शाई वाळली.

*

गाळ कुणाला किती, यावरून भांडणं नकोत म्हणून तळ्याच्या तळाचे सारखे पट्टे पाडायचे ठरले. मुकादम म्हणाला की मी टेपने पाडतो. पण गावकरी म्हणाले, आमच्यात मोजणीदार असताना बाहेरच्याची टेप कशाला? मोजणीदार साखळी आणायला गेला. चार माणसांत बोलायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. पण साखळी हातात आली की त्याचा हात आपोआप शहाणा व्हायचा. बुधवारी सकाळी, अर्धं गाव बांधावर बसलेलं असताना, त्याने सहा पट्टे पाडले. खांदे ताठ होते. बऱ्याच वर्षांनी कुणी त्याच्याकडे कामाचा माणूस म्हणून बघत होतं.

मुकादमाने सवयीने एका पट्ट्यावर आपली पोलादी टेप टाकली. मग पुन्हा टाकली. मग म्हणाला, “काका, तुमची तीस मीटर म्हणजे किती?”

“तीस म्हणजे तीस.”

“माझी म्हणते, तीस मीटर नव्वद सेंटिमीटर.”

मोजणीदार म्हणाला की टेप ताणली असेल. मुकादमाने टेप आणि साखळी शेजारी शेजारी जमिनीवर अंथरली. लोक उठून जवळ आले. पितळी मूठ टेपवरच्या तीसच्या खुणेपासून हातभर पुढे जाऊन पडली होती. कुणाला सांगायची गरज उरली नाही.

“पस्तीस वर्षं याच साखळीने आमची रानं मोजली काय?” मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. न्हावी म्हणाला, “म्हणून माझं आवार कागदावर कमी भरतंय. हातभर मोजणीदाराच्या पोटात गेलं.” मुकादम हसला नाही, पण त्याने पट्ट्यांच्या खुंट्या उपटून नव्याने ठोकायला घेतल्या, ते हसण्यापेक्षा वाईट होतं. मोजणीदार साखळी गोळा करू लागला. कड्यांचा गुंता होत होता. मुलगा पुढे आला आणि त्याने ती उचलली.

दोघं बांधावरून घराकडे निघाले. मुलाने साखळी खांद्यावर टाकली होती. मग खाली बघत म्हणाला, “आबा, एक सांगायचं होतं. दोन वर्षांपूर्वी बांधावरची खोडं काढली ना, तेव्हा दोर तुटला. मग मी ही साखळी लावली ट्रॅक्टरला.”

“माझी साखळी?”

“चार खोडं ओढली. मग पुसून, तेल लावून पोत्यात ठेवली. तुटली कुठेच नव्हती.”

मोजणीदार उभा राहिला. त्याने साखळीच्या दोन कड्या हातात धरून डोळ्यांजवळ नेल्या. जोडावरच्या वळ्यांची तोंडं किंचित उघडली होती. एकेका जोडाला ज्वारीच्या दाण्याएवढं. असे जोड दीडशे. नोकरीत असताना रोज कामाला निघण्याआधी तो कचेरीच्या अंगणातल्या दोन दगडांवर साखळी लावून तपासायचा. घरी दगड नव्हते, आणि तपासावं असं मनातही आलं नव्हतं. सगळ्या जन्मात त्याने स्वतःवर शंका घेतली, बोलण्यावर, अक्षरावर, अकलेवर. शंका घेतली नव्हती ती फक्त साखळीवर.

पोरावर ओरडावं असं त्याला वाटलं. तोंड उघडलंही. आणि तिथेच त्याच्या डोक्यात दुसराच आकडा उभा राहिला.

तेरा साखळ्या आणि वर दहा. एका साखळीला नव्वद सेंटिमीटर.

“आबा? बसता का जरा?” मुलाला वाटलं, म्हाताऱ्याला घेरी आली.

“बारा मीटर,” मोजणीदार म्हणाला. “फेरीला बारा मीटर जास्त.”

आणि पुस्तकातला तो किडा, बस पकडायलाही कधी न धावलेला, बांधावरून घराच्या दिशेने धावत सुटला. चपला हातात घेऊन. त्याची बायको दारात उभी होती. तिला वाटलं, कुणीतरी मेलं.

*

सून गाईखाली बसली होती. त्याने तिथेच गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने हिशोब मांडला. चारशे नाही, चारशे बारा. सत्त्याऐंशीला चारशेने गुणून चारशे बाराने भागायचं. तिला भागाकार समजला नाही, पण खालचा आकडा समजला. साडेचौऱ्याऐंशी. हळू फेरी नव्व्याण्णव.

“म्हणजे मला कधीच जमत होतं?”

“महिना झाला, पोरी.”

ती गाईच्या पोटाला डोकं टेकून बसली. धार थांबली होती. खांदे हलत होते. रडतेय की हसतेय, हे त्याला कळेना. गाईने शेपूट मारली तेव्हा तिने चेहरा वर केला. दोन्ही चालू होतं.

तो म्हणाला की आजच लिहितो, गणित जोडून पाठवतो. तिने डोळे बाहीला पुसले आणि मान हलवली.

“गणित नको, मामंजी. त्या बाईंनी फेऱ्या मागितल्यात. बरोबर फेरी आखा, मी पळते. शुक्रवारपर्यंत तळं आपलंच आहे.”

बरोबर फेरी आखायची तर टेप हवी होती, आणि गावात टेप एकाच माणसाकडे होती. मोजणीदार मुकादमाच्या तंबूपर्यंत दोनदा जाऊन परत आला. तिसऱ्यांदा मुकादमच बाहेर आला आणि काय हवंय म्हणून विचारलं. अख्ख्या गावासमोर आपली लाज काढलेल्या माणसाकडे, ज्याने ती काढली तेच हत्यार मागायचं होतं. मोजणीदाराने सगळं सांगून टाकलं. बाईंचं पत्र, खोडं, बारा मीटर. इतकं सलग तो कित्येक वर्षांत कुणाशी बोलला नव्हता. मुकादमाने ऐकून घेतलं, टेप उचलली आणि म्हणाला, “चला, दुसरं टोक मी धरतो. एकट्याने मोजाल तर परत काहीतरी ताणाल.”

गुरुवारी संध्याकाळी दोघांनी पलीकडचं वळण सहा मीटर अलीकडे ओढलं. टेप तीनदा फिरली. तिन्ही वेळा चारशे.

*

शुक्रवारी सकाळी बांधावर माणसं होती. कुणी बोलावलं नव्हतं, पण मुकादमाच्या तोंडी बातमी गावभर झाली होती. न्हावी सायकल घेऊन आला होता. मोजणीदाराची बायको, जी कधी तळ्यावर फिरकली नव्हती, गोणपाट अंथरून बसली होती. मुलाने ट्रॅक्टर बांधावर आणून उभा केला होता आणि स्टेअरिंगवर हात ठेवून तो नुसता बघत होता.

मोजणीदार खुंटीशी जाऊन उभा राहिला. आता नाही जमलं तर सबब उरली नव्हती. हेच वाक्य सुनेच्याही मनात असणार, हे तिच्या ओठांवरून त्याला कळलं. तिने बुटांतल्या चिंध्या नीट दाबल्या, मुठी आवळल्या आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याने हात खाली टाकला.

पहिली फेरी चौऱ्याऐंशी. त्याचा स्वतःच्या घड्याळावर विश्वास बसेना. हळू फेरी नव्व्याण्णव. परत चौऱ्याऐंशी. लांब फेरीची सवय झालेले पाय खुंटी लवकर आली म्हणून जणू बिचकत होते. चौथ्या फेरीत ती मोकळी झाली. खांदे खाली आले, टाचा हलक्या पडू लागल्या. न्हाव्याने सायकल बांधावर टेकवली.

सातव्या फेरीत ऊन बांधावरून खाली उतरलं. सदरा पाठीला चिकटला. आठव्या, हळू फेरीत तिचा चेहरा राखेसारखा झाला आणि पलीकडच्या वळणावर पाऊल अडखळलं. भेगेत बुटाचं टोक अडकलं होतं. ती दोन पावलं वेडीवाकडी गेली, हात पसरून सावरली. बांधावरून एक सामाईक श्वास ऐकू आला. मुलगा ट्रॅक्टरवरून खाली उतरला.

“नव्व्याण्णव,” मोजणीदार ओरडला. या खेपेला खरोखर ओरडला. पलीकडच्या शेतातल्या कावळ्यांनी उड्डाण केलं. “नव्व्याण्णव, पोरी. सोडू नकोस.”

नववी चौऱ्याऐंशी नव्हती. त्र्याऐंशी होती. दहावी अठ्ठ्याण्णव. अकरावी, वेगाची शेवटची, ब्याऐंशी. खुंटी ओलांडताना तिच्या तोंडातून भात्यासारखा आवाज येत होता. लोकांना वाटलं झालं. काहींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

“झालं नाही,” मोजणीदाराची बायको म्हणाली. तिने एकेक खडा मांडून फेऱ्या मोजल्या होत्या. “एक हळू फेरी आहे अजून. तीच अवघड असते.” नवऱ्याच्या मसुद्यांवर हसणाऱ्या त्या बाईला हे कधी कळलं, कुणास ठाऊक.

बारावी फेरी. शंभर सेकंदांची परवानगी होती. सून अर्धी फेरी डोळे जवळजवळ मिटून पळाली. मग पलीकडच्या वळणावर तिने ते उघडले आणि काय वाटलं तिला, तिने हळू फेरी हळू पळायचं नाकारलं. मुठी उघडल्या. आखडलेली बोटं पसरली. मुलगा बांधाच्या कडेने तिच्याबरोबर धावू लागला आणि पन्नास पावलांत मागे पडला. न्हाव्याने सायकलची घंटी वाजवायला घेतली ती थांबवेना. ती खुंटीवरून गेली, पुढे गेली, आणखी पुढे गेली आणि मग मावळतीच्या बांधाला जाऊन टेकली.

मोजणीदाराने काटा पुन्हा पुन्हा पाहिला. नव्वद.

सगळ्या मिळून अठरा मिनिटं चार सेकंद. बाईंनी मागितलेल्यापेक्षा सव्वीस सेकंद कमी. मुकादमानेही आपल्या घड्याळावर वेळ धरली होती; त्याने ताडून पाहिलं आणि मान डोलावली. न्हावी पुढे आला आणि सुनेला म्हणाला, “ताई, एवढं तेल निघालं की माझं डोकंच कमी पडलं.” ती हसायला गेली आणि खोकत राहिली. नवऱ्याने तिच्या पायातले बूट काढले. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. त्याने ते हातात धरलं आणि चारचौघांत, कुणाची पर्वा न करता, फुंकर घातली.

“उद्या खणा आता,” ती त्याला म्हणाली. “मला नको हे तळं. मला रस्ता हवाय, दहा मैलांचा.”

*

एकविसावा कागद मोजणीदाराने ओसरीवर, सगळ्यांच्या देखत लिहिला. बारा आकडे एकाखाली एक. फेरी पोलादी टेपने तीनदा मोजल्याचं, घड्याळं दोन असल्याचं. आधीची फेरी चुकीच्या साखळीने आखली होती आणि चूक माझी होती, हेही. ‘उत्तराला उशीर झाला, कारण आकडे जमत नव्हते; नंतर कळले की आकडे जमत होते, मीच जमत नव्हतो.’ ही ओळ खोडावी असं त्याला वाटलं. सुनेने वाचून सांगितलं की राहू द्या.

शेवटी सही करायची वेळ आली. पस्तीस वर्षं प्रत्येक नकाशाखाली, प्रत्येक पत्राखाली, सावकाश वळणदार अक्षरात तो एकच वाक्य लिहीत आला होता: चूकभूल द्यावी घ्यावी. टाक तिथे आपोआप गेला. ‘चू’ उमटला. त्याने समोर पाहिलं. सून भिंतीला टेकून, पाय पाण्याच्या घमेल्यात सोडून बसली होती.

त्याने तो ‘चू’ खोडला आणि खाली नुसती सही केली.

मुलाने ट्रॅक्टर सुरू केला आणि बापाला शेजारी बसवून मोठ्या गावच्या पोस्टात नेलं. खिडकीतल्या कारकुनाने पाकीट हातात घेऊन विचारलं की साधं पाठवायचं की पोच हवी?

“साधं,” मोजणीदार म्हणाला. “पोचेल ते.”

कारकुनाने तिकिटावर शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.